कवडीपाटची बदकं: चौथा रविवार

गेले तीन रविवार बदकांच्या मागे फिरलो. या रविवारी एका जागी बसून त्यांची वाट पाहिली, आणि फोटोंत जमीन-अस्मानाचा फरक पडला.

सोलापूर रस्त्यावरून पुण्याजवळच्या कवडीपाटला, मुळा-मुठा नदीकाठी पोचलो तेव्हा अंधारच होता. बंधाऱ्याखाली बाभळीच्या आडोशाला गोणपाट अंथरलं, पाठ पूर्वेला, अंगावर मळकट जाळी. कॅमेरा मूग भरलेल्या पिशवीवर टेकवला. लेन्स पाण्यालगत असली की बदक नजरेला नजर देतं. वाराही पूर्वेचाच होता. बदकं वाऱ्याला तोंड करून उतरतात, त्यामुळे ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी असले की ती थेट आपल्या समोर येतात. जुने शिकारी असंच बसायचे. वन्यजीव कायद्याने आता बदकांची शिकार बंद आहे, पण ही विद्या कॅमेऱ्याला तशीच लागू पडते.

उजाडताच थापटे (शॉव्हेलर बदकं) आले. त्यांच्यासाठी फक्त स्थिर बसायचं. फावड्यासारखी चोच पाण्यावर सपाट ठेवून ते गोल चकरा मारतात. पुढच्याने ढवळलेलं मागचा गाळून खातो. चकरा मारता मारता एक नर दहा-बारा पावलांवर आला आणि चोचीच्या कडेची कंगव्यासारखी झालर लख्ख टिपता आली. या हंगामातला माझा सगळ्यात चांगला फोटो! नोव्हेंबरात बरेच नर अजून मादीसारखे मळकट असतात, तेव्हा रंगावर जाऊ नका, चोच बघा.

हळदी-कुंकू बदक इथलंच, बारमाही. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके. ते शेपूट वर करून डोकं पाण्यात घालतं तेवढ्यातच पुढे सरकायचं. डोकं वर आलं की दगड व्हायचं. असं सरकत पंधरा मिनिटांत पाच-सहा हात पुढे गेलो, जोडी हलली नाही.

चक्रवाक मात्र हुकले. उघड्या वाळूवर बसतात, एकाने ‘आँग’ केलं की सगळे उडतात. त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी भिगवण, उजनी धरणाच्या पाण्यावर. नावाड्याला आधीच सांगणार, की लांबूनच इंजिन बंद करा आणि नाव वाहू द्या. मागच्या वर्षी एका नावाड्याने उडते फोटो मिळावेत म्हणून थव्यातच नाव घातली होती. हिमालय ओलांडून आलेल्या पाखरांना असं उठवणं मला सहन होत नाही. तुम्हीही कुणाला तसं करायला सांगू नका.

तलवार बदकं तिकडे कुणाला दिसली असतील तर जागा जरूर कळवा.