खंड्याच्या रंगाचं अस्तर

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या वाढदिवशी, शाळांमधून वाचन प्रेरणा दिन असतो. भाचीच्या शाळेत यंदा आवडत्या गोष्टीतलं पात्र होऊन यायचं ठरलं. ती सहावीत आहे. तिला जादूच्या शाळेत शिकणारी मुलगी व्हायचं होतं, आणि ती शाळासुद्धा कुठल्या पुस्तकातली नाही, तिने स्वतःच रचलेली. ताईने एका ठिकाणी भाड्याचा झगा पाहिला होता: दिवसाचे ७०० रुपये, वर १००० अनामत. फोटो पाठवला तर काळं चकचकीत सॅटीन, खांद्याला सुरकुत्या, टोपी खिशाएवढी. मी म्हटलं, थांब, मी शिवते.

असा झगा शिवायचा तर आधी तो कुठून आला ते बघावं. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांतले विद्यार्थी धर्मगुरूंसारखेच लांब, जाड झगे घालायचे, कारण त्या दगडी खोल्यांत थंडी असे. ऑक्सफर्डमध्ये लेखी परीक्षेला आजही गाऊन लागतो. आपल्याकडे तो वकिलांच्या अंगावर आणि पदवीदान समारंभात दिसतो. त्या पदवीच्या पोशाखात पाठीवर लोंबणारी एक टोपी असते आणि तिच्या अस्तराच्या रंगावरून पदवी ओळखू येते. बाहेरून सगळे काळे, ओळख आतल्या रंगात. मला हे फार आवडतं. माझा सगळा बेत त्यावरच उभा राहिला: काळं कापड साधं पण वजनदार घ्यायचं आणि जीव ओतायचा तो अस्तरात.

काळ्या कापडासाठी डोंबिवलीहून सकाळची लोकल धरून मशीद बंदरला उतरले. मंगलदास मार्केटमध्ये क्रेप पाहिलं, पण ते हातात घेतल्यावर तरंगत होतं. तिथल्याच एका दुकानदाराने सांगितलं, "ताई, मोहम्मद अली रोडला जा, निदा मागा." निदा म्हणजे बुरखे आणि अबाया शिवायचं कापड. अजिबात चमक नाही, चुरगळत नाही, आणि वरून सोडलं की पाण्यासारखं सरळ खाली येतं. ५८ इंच पन्ना, १३० रुपये मीटर. भाचीची उंची ४ फूट ७ इंच, खांद्यापासून घोट्याच्या वरपर्यंत ४४ इंच. खाली ८० इंचांचा घेर धरला तरी ३ मीटरमध्ये बसलं, कारण निदाला वर-खाली अशी दिशा नसते. एक कळी डोकं वर, दुसरी डोकं खाली ठेवून बेतता येते. येताना भुलेश्वरहून गळ्याला लावायचा पितळी रंगाचा आकडा आणि निळी सॅटीनची फीत घेतली.

हे कापड मात्र निसरडं आहे. टेबलावर कापायला घेतलं की सरकतं, म्हणून जमिनीवर सुती चादर अंथरून त्यावर बेतलं. १६ नंबरच्या सुईने टीप चुण्या पाडत होती. ११ नंबरची घातली, वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल केला, मग सरळ आली. इस्त्रीला तर फार जपावं लागतं. पहिल्याच बाहीवर ती थेट फिरवली आणि बोटाएवढा चकचकीत डाग पडला, तो काही गेला नाही. नंतर प्रत्येक वेळी मधे ओला रुमाल ठेवला. डागाची बाजू काखेकडे वळवून लावली आहे.

टोपीने दोन रात्री खाल्ल्या. पहिली मी भाचीच्या स्वेटशर्टच्या टोपीवरून बेतली. डोक्यावर ठीक होती, पण मागे सोडली की मानेशी बोचक्यासारखी गोळा व्हायची. मग आईने भाचीसाठी शिवलेली कुंची आठवली. कपाटातून काढून शिवणी बघितल्या. एक आयत मधोमध दुमडून मागची बाजू शिवलेली, बस्स. वर आपोआप टोक येतं आणि खाली भरपूर कापड उरतं. तसाच ३० इंच लांब, १४ इंच रुंद आयत बाजूच्या उरलेल्या पट्टीतून निघाला. पाठीवर सोडल्यावर ती टोपी त्रिकोणी लोंबली आणि आतलं अस्तर हातभर दिसू लागलं. फसलेली टोपी उसवून तिचा आतला खिसा केला, १२ इंच खोल आणि ३ इंच रुंद. "मावशी, कांडी कुठे ठेवू?" हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता.

अस्तर आईच्या इरकलीचं. मरून, बारीक चौकड्यांची. आई जाऊन चार वर्षं झाली. बसण्याच्या भागात साडी विरली होती, पण नेसताना कमरेशी आत खोचला जातो तो भाग नवा असल्यासारखा होता. कात्री लावायच्या आधी मी ती दोन दिवस पलंगावर पसरून ठेवली होती. भाचीला दाखवली तर ती लगेच म्हणाली, "खंड्याचं डोकं असंच असतं." खरंच, खंड्या पक्ष्याचं डोकं तांबूस-चॉकलेटी, गळा पांढरा, पाठ निळी. त्या क्षणी तिच्या जादूच्या शाळेचं बोधचिन्ह ठरलं. फेल्टच्या तुकड्यावर मी खंड्या भरला. पाठीला दोन छटांचा निळा दोरा वापरला, चोच लाल.

ऑक्टोबरच्या उन्हात मुलीला पूर्ण अस्तराच्या झग्यात घुसमटवायचं नव्हतं. इरकल फक्त टोपीला, बाह्यांच्या तोंडाशी सहा इंच आणि समोरच्या दोन कडांना लावली. चालताना तेवढंच दिसतं. टायही त्यातलाच, वर निळी फीत तिरकी लावून. टाय तिरपाच बेतावा, नाहीतर गाठ मारल्यावर पीळ पडतो.

घालून बघितल्यावर टोपीच्या वजनाने सगळा झगा मागे ओढला जाऊन गळ्याशी काचायला लागला. पदवीच्या पोशाखात यासाठी एक बारीक फास असतो, तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. आतून तसाच लावला, गळा मोकळा झाला.

कांडी कागदाची. जुन्या कॅलेंडरचं पान कोपऱ्याकडून घट्ट गुंडाळलं, फेव्हिकॉलने चिकटवलं, वाळल्यावर ग्लू गनने वेलीसारखे उंचवटे काढले. वर तपकिरी रंग, तो सुकला की काळा फासून लगेच पुसला. खाचांत काळा राहिला आणि लाकूड वाटू लागलं. आतला पांढरा शर्ट आणि राखाडी स्कर्ट शाळेचाच. कापडाचे ३९० धरून एकूण खर्च ५३० रुपये.

झगा शिवून झाला तरी लगेच खालची दुमड घालायची नाही, हे माझं कळकळीचं सांगणं. रात्रभर टांगून ठेवावा. तिरप्या बाजूंचं कापड सकाळपर्यंत पाऊण इंच खाली उतरलं होतं. ते सारखं करून मग हाताने टाके घातले.

ताई घ्यायला आली तेव्हा तिने टोपी उलटी करून बघितली. बराच वेळ अस्तरावरून अंगठा फिरवत राहिली. "ही आईची नागपंचमीची ना?" एवढंच म्हणाली. भाची तोवर आरशासमोर गोल फिरत होती, घेर उघडत होता, मिटत होता.

खालची दुमड ३ इंचांची ठेवली आहे. दर वर्षी एक इंच सोडला तरी नववीपर्यंत पुरेल.