शिक्षकाने आधी संवाद उभे राहून म्हणावेत

अभिजात नाटक शिकवणाऱ्यांसाठी उन्हाळी सुट्टीत होणाऱ्या प्रशिक्षणांपैकी मला सर्वांत मोलाचे वाटते ते वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयाने १९८४ मध्ये सुरू केलेले. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ मधील पहिल्या संग्रहाच्या ८२ प्रती जपणाऱ्या या संस्थेत शालेय शिक्षक अभ्यासकांची व्याख्याने तर ऐकतातच, पण प्रवेश स्वतः उभे राहून सादरही करतात, आणि खरे शिक्षण तेथेच घडते, असे माझे ठाम मत आहे.

‘हॅम्लेट’चा आरंभच पाहा. ‘कोण आहे?’ हा प्रश्न पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारायला हवा. प्रत्यक्षात तो विचारतो त्याची जागा घ्यायला आलेला बर्नार्डो, आणि पहारेकरी फ्रान्सिस्को ‘आधी तू सांग’ असे त्यालाच दटावतो. बाकावर बसून वाचताना हा उलटा क्रम सहज निसटतो. दोघांनी अंधारात समोरासमोर उभे राहून तो म्हटला, की नाटक जेथे घडते त्या एल्सिनोरच्या किल्ल्यावर पसरलेली भीती निराळी समजावून सांगावी लागत नाही.

आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने हेच नाटक मराठीत आणले. आपल्या भाषा-शिक्षकांनीही मे महिन्यात एकत्र जमून त्यातील एखादा प्रवेश असाच उभा करावा, असे मला मनापासून वाटते.