सातच दिवस का? : साथीच्या कादंबरीचा दुसरा खर्डा

दुसऱ्या खर्ड्याचं एकविसावं प्रकरण काल रात्री हातावेगळं झालं. मागची नोंद लिहिली तेव्हा मी नवव्या प्रकरणात रुतले होते, म्हणजे अडीच महिन्यांत बारा प्रकरणं झाली. शब्द मात्र घटले. पहिला खर्डा ५८,००० शब्दांचा होता. त्यातले जवळपास ९,००० आतापर्यंत गेले आणि त्यांची जागा वेगळ्याच गोष्टीने घेतली. आपल्यातले काहीजण साथ आणि एकांतवास याच विषयावर किशोर कादंबरी लिहायला बसले आहेत, म्हणून ही पडझड आणि बांधणी जरा सविस्तर मांडते.

आधी न वाचलेल्यांसाठी कथानक थोडक्यात. एक छोटं बेट, त्यावर दीपगृह. सोळा वर्षांची इरा आणि नऊ वर्षांचा ओम. वडील दीपगृहाचे रखवालदार, सामान आणायला किनाऱ्यावर गेले ते परतलेच नाहीत. रेडिओवरून कळतं की किनाऱ्यावर जीवघेणी साथ पसरली आहे. मग एके दिवशी एक होडी येते आणि तिच्यात सतरा वर्षांचा कबीर असतो.

पहिल्या खर्ड्यात इरा कबीरला सात दिवस होडीघरात ठेवते, तो ठणठणीत राहतो, ती त्याला आत घेते आणि तिघं मिळून साथीशी झुंजतात. मला हे सगळं छान वाटलं होतं. माझी पंधरा वर्षांची भाची माझी पहिली वाचक. तिने छापील प्रत परत दिली तेव्हा चौदाव्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: "मावशी, सातच दिवस का?" खाली दोन रेघा मारल्या होत्या.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सात हा आकडा मला सोयीचा होता, म्हणून सात. आणि इराच्या जिवावरचा सगळ्यात मोठा निर्णय त्या आकड्यावर उभा होता!

तिथून सगळं उसवलं. मी महिनाभर लिहिणं थांबवलं आणि आजार रचायला बसले.

लागण झाल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंतचा जो काळ, अधिशयन काळ, तोच एकांतवासाच्या कादंबरीचं घड्याळ असतो, हे मला तेव्हा उमगलं. फ्लूमध्ये तो साधारण एक ते चार दिवसांचा. गोवर दहा ते चौदा दिवस घेतो. इबोलात दोनपासून एकवीस दिवसांपर्यंत कधीही ताप येऊ शकतो, म्हणून संपर्कात आलेल्यांवर एकवीस दिवस लक्ष ठेवतात. शेवटचा रुग्ण बरा झाल्यावर किंवा दगावल्यावर त्याच्या दुप्पट, म्हणजे ४२ दिवस, नवा रुग्ण सापडला नाही तरच साथ संपल्याचं जाहीर होतं. हे ४२ दिवस वाचताना माझ्या अंगावर काटा आला. सगळं संपलंय असं वाटत असताना दार बंद ठेवून बसायचं, तेही सहा आठवडे! कादंबरीचा शेवटचा तिसरा भाग मला तिथे सापडला.

जुन्या काळी हे घड्याळ माहीत नव्हतं, तरी लोकांनी अंदाज बांधलेच. रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोवनिक, इथे १३७७ साली कायदा झाला की प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांनी शहरात शिरण्याआधी तीस दिवस बाहेर काढायचे. पुढे इतरत्र तीसचे चाळीस झाले आणि इटालियनमधल्या 'चाळीस'वरून क्वारंटाइन हा शब्द रूढ झाला. माझ्या इरालाही असाच एक आकडा हवा होता. तो तिने स्वतः शोधलेला हवा आणि त्याची किंमतही तिनेच मोजायला हवी.

आकड्याइतकाच दुसरा प्रश्न मोठा निघाला: माणूस दुसऱ्याला आजार कधीपासून देऊ लागतो? फ्लूमध्ये लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच लागण पसरू शकते. गोवराचंही तसंच, पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. अशा आजाराच्या गोष्टीत कुणावरच विश्वास टाकता येत नाही. भीती सगळीकडे सारखीच पसरते आणि पात्रांना करण्यासारखं फार उरत नाही. इबोलाचं तसं नाही. तिथे लक्षणं दिसेपर्यंत माणूस दुसऱ्याला आजार देत नाही.

मी दुसरी जात निवडली. माझ्या आजाराचा अधिशयन काळ चार ते अठरा दिवस, ताप येईपर्यंत संसर्ग नाही, मग उलट्या-जुलाब, आणि लागण रुग्णाला किंवा त्याच्या कपड्यालत्त्याला हात लावल्याने. हे ठरलं आणि गोष्टीतली खरी भीती कुठे आहे ते स्पष्ट झालं. ताप अंगावर काढून तो लपवणाऱ्या माणसाची भीती. "बरा आहेस ना?" या प्रश्नाला एकटा पडलेला सतरा वर्षांचा मुलगा काय उत्तर देईल?

नव्या खर्ड्यात कबीरला अकराव्या दिवशी ताप येतो. तो सांगत नाही. बाराव्या दिवशी ओम, बहिणीची नजर चुकवून, कबीरचा माउथऑर्गन परत द्यायला होडीघरात जातो. कबीर त्याला आत येऊ नको म्हणत नाही, कारण अकरा दिवसांत त्याच्याजवळ कुणी बसलेलं नसतं. या एका पानाला मला तीन आठवडे लागले. तो दुष्ट वाटता कामा नये आणि त्याने केलं ते क्षम्यही वाटता कामा नये. शेवटी मी त्याच्या मनातलं सगळं काढून टाकलं आणि एकच कृती ठेवली: ओम बसावा म्हणून कबीर अंथरुणावर थोडा सरकतो.

पाण्याची गोष्ट. पहिल्या खर्ड्यात माझ्या पात्रांना पाणी लागतच नव्हतं म्हणा ना. डबे मोजले होते, बिस्किटं मोजली होती, पाणी गृहीत धरलं होतं. आपत्तीतल्या मदतकार्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर हा मापदंड धरतात, त्यात पिणं, स्वयंपाक आणि धुणं आलं. दीपगृहाच्या टाकीत मी २,००० लिटर पाणी ठेवलं. दोघांना ते ६६ दिवस पुरतं. तिसरा आला की ४४. आणि जुलाब होणाऱ्या रुग्णाची शुश्रूषा सुरू झाली की चादरी, कपडे, हात, बादल्या, हा हिशेब कोलमडतो. आता इराच्या वहीत रोज टाकीची पातळी असते आणि तारखेपेक्षा तीच जास्त बोलते. पाऊस कधी पाडायचा यावरून मी अजून स्वतःशी भांडते आहे. ऐन गरजेला आलेला पाऊस म्हणजे लेखकाने केलेली फसवणूक, असं माझं ठाम मत आहे.

देवाणघेवाणीचा दगड मला इतिहासाने दिला. इंग्लंडमधल्या डर्बीशरात ईम नावाचं गाव आहे. १६६५ च्या सप्टेंबरात तिथे प्लेग शिरला. लंडनहून एका शिंप्याकडे आलेल्या कापडातल्या पिसवांतून तो आला असं सांगतात. पुढच्या जूनमध्ये गावाने धर्मगुरूंच्या सांगण्यावरून स्वतःभोवती सीमा आखून घेतली. कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. शेजारचे लोक सीमेवरच्या दगडाशी धान्य ठेवून जात आणि गावकरी दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे टाकत. चौदा महिन्यांत गावातली सुमारे २६० माणसं गेली. एका बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. ते वाचल्यावर मी दोन दिवस काही लिहू शकले नाही.

माझ्या बेटावर होडीघर आणि दीपगृह यांच्या मधोमध एक सपाट खडक आहे. इरा त्यावर जेवण ठेवते, वीस पावलं मागे जाते, मग कबीर येतो. भांडी परत येतात ती खारट पाण्याच्या बादलीत बुडवून. आधी मी इथे संवाद घातले होते. आता दोघं गप्प असतात आणि काय राहिलं, काय खाल्लं, डबा कसा ठेवला, यावरूनच एकमेकांना ओळखू लागतात. कबीरचा ताप इराला कळतो तोही डब्यावरूनच, दोन दिवस जेवण तसंच परत येतं तेव्हा.

आता ज्या उलथापालथीमुळे मला हा खर्डा पहिल्यापेक्षा शंभर पटीने आवडतो, ती सांगते. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये भीषण साथ आली. त्या साथीत स्वतः आजारी पडून वाचलेल्या इतिहासकाराने नोंदवलंय की रुग्णांची सगळ्यात जास्त कणव आजारातून उठलेल्यांना येई, कारण त्यांनी ते भोगलेलं होतं आणि तोच आजार पुन्हा जीवघेणा होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. इराच्या वडिलांच्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकात ही माहिती आहे. कबीर होडीघरात एकटा, कुणाच्याही हाताविना, आजारातून वाचतो. कबीर आजारी पडल्यापासून नऊ दिवसांनी ओमला ताप भरतो. आणि बेटावर ओमजवळ जाऊ शकेल असा एकच माणूस असतो, ज्याला इराने तीन आठवडे दाराबाहेर ठेवलं. तिला त्याच्याकडे जाऊन मागावं लागतं.

विसाव्या प्रकरणातला तुकडा, अजून कच्चा आहे:

"एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मी बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि मागे झाले. कबीरने ती उचलली. घड्याळ माझ्याकडे होतं, चमचा त्याच्याकडे. 'दे,' मी दाराबाहेरून म्हणायचे. आतून चमचा कपाला लागल्याचा आवाज यायचा. मग मी साठपर्यंत मोजायचे. 'दे.' मध्ये एकदा ओमने सगळं उलटून टाकलं. कबीर म्हणाला, दहा मिनिटं थांबू. मी सहाशेपर्यंत मोजलं. 'दे.' उजाडेपर्यंत माझा आवाज बसला होता, तेव्हा मी दारावर टिचकी मारायला लागले."

साखर-मिठाचं हे प्रमाण खरं आहे, मुद्दाम तपासून घेतलं. किशोरवयीन वाचक अशा गोष्टी लक्षात ठेवतात. त्यात चूक झाली तर ती कादंबरीपुरती राहणार नाही. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करायचं, हेही तसंच.

संशोधनातलं बरंच काही बाहेर राहिलं. १९१८ च्या फ्लूत अमेरिकन सामोआचा गव्हर्नर जॉन पॉयर याने जहाजांवर कडक बंदी घातली आणि तिथे एकही माणूस त्या फ्लूने मेला नाही. शेजारच्या पश्चिम सामोआत ७ नोव्हेंबरला ऑकलंडहून 'टालुन' जहाज आलं, आजारी उतारू उतरले आणि पाहता पाहता लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा गेला. एकाच द्वीपसमूहातली ही दोन टोकं. दुसरी नोंद तर झोप उडवणारी आहे. अंटार्क्टिकातल्या एका ब्रिटिश तळावर सतरा आठवडे बाहेरच्या कुणाशीही संपर्क नसताना बारापैकी सहाजणांना सर्दी झाली. ती आली कुठून? हे कादंबरीत घालायचा मोह फार झाला. पण माझ्या आजाराचे नियम मी वाचकाला आधीच सांगितलेत, आणि असं काही घातलं तर त्याचा त्या नियमांवरचा विश्वास उडेल. टाळलं.

वडिलांबद्दल काहींनी मागे विचारलं होतं. ते परतत नाहीत. पहिल्या खर्ड्यात शेवटच्या पानावर परतायचे. ते पान मी फाडून टाकलं. मोठी माणसं गोष्टीतून नाहीशी करणं ही किशोर कादंबरीची जुनी सोय आहे, आणि ती शेवटी परत आणली की मुलांनी घेतलेले सगळे निर्णय तात्पुरते होऊन जातात. ओम मात्र वाचतो. त्याला मारून गोष्ट जास्त खरी झाली असती असं मला वाटत नाही.

ओम उठून बसला की इरा मोजायला लागते. अठराचे दुप्पट, छत्तीस दिवस. टाकीत पाणी आहे एकोणतीस दिवसांचं.

बाविसाव्या प्रकरणात छत्तिसाव्याच्या आदल्या दिवशी क्षितिजावर सामानाची बोट दिसते. इराच्या हातात वडिलांचा कंदील आहे, ओम आणि कबीर तिच्याकडे बघताहेत आणि टाकीत वीतभर पाणी उरलंय. तिने खूण करायची की नाही? माझ्याकडे या प्रसंगाचे दोन खर्डे आहेत, एकात ती कंदील पेटवते, दुसऱ्यात नाही. दोन्ही भाचीला वाचायला दिलेत. पेन्सिलसुद्धा दिली आहे.