८०९चं भूत अखेर सापडलं

मंडळी, माझ्या घरगुती स्पेक्ट्रोमीटरच्या (प्रकाश रंगांत फोडून तरंगलांबी मोजणारं यंत्र) इन्फ्रारेड टोकाला रेसिड्यूअल, म्हणजे कोणत्या पिक्सेलवर कोणती तरंगलांबी हे ठरवणाऱ्या फिटमधला फरक, का नाचत होता, ते काल रात्री कळलं.

डावी बाजू मागच्या अपडेटमध्येच बसली होती. आधाराच्या रेघा (नॅनोमीटरमध्ये): सीएफएलमधल्या पाऱ्याच्या ४०४.६६, ४३५.८३, ५४६.०७ आणि टेस्टरमधल्या निऑनच्या ५८५.२५, ६४०.२२, ७०३.२४. (५४६ला फॉस्फरमधल्या, म्हणजे दिव्याच्या आतल्या चमकत्या लेपातल्या, टर्बियमची रेघ चिकटते, म्हणून फिटमध्ये तिचं वजन कमी ठेवलंय.) उजवीकडे मात्र सगळी भिस्त सीएफएलमधल्याच आर्गॉनच्या ८११.५३वर, आणि ही बया दर कॅप्चरला वेगळ्याच पिक्सेलवर. ग्रेटिंगचा (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची पट्टी) होल्डर आवळला, कॅमेऱ्याला एम-सील लावलं, तरी तेच. पीएलए प्लास्टिकची बॉडी तापून सरकते म्हणावं, तर ७०३ जागची हलत नव्हती.

शेवटी दिवा थंड असतानाच रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फ्रेम एकेक करून पाहिल्या. सीएफएल लावल्याबरोबर पाऱ्याची वाफ कमी असते, त्यामुळे आर्गॉन ठळक दिसतो. दिवा तापला की पारा चढतो, आर्गॉन विझत जातो. ७६३.५१ची रेघ तशीच फिकट होत गेली. ८११वाली मात्र टिकून, शिवाय हळूहळू डावीकडे सरकणारी! मग डोक्यात उजेड पडला: ४०४.६६ची दुप्पट ८०९.३२. पाऱ्याच्या जांभळ्या रेघेची सेकंड ऑर्डर, म्हणजे ग्रेटिंग दुप्पट तरंगलांबीच्या जागी उमटवतं ती दुसरी प्रतिमा, तिथे येऊन बसत होती. माझं रिझोल्यूशन चारेक नॅनोमीटरचं, त्यामुळे दोन्हींचा मिळून एकच डोंगर दिसायचा.

खात्रीसाठी स्लिटपुढे (प्रकाश आत येण्याची बारीक फट) स्टेशनरीतला नारिंगी जिलेटिन कागद धरला. जांभळा अडला, भूत गायब, आर्गॉन आपल्या जागी. दहा रुपयांत ऑर्डर-सॉर्टिंग फिल्टर!

ता.क. स्लिटबद्दल: ऑनलाइन मागवलेल्या ‘प्रिसिजन’ स्लिटच्या कडा इतक्या खडबडीत की स्कॅनभर पट्टे. दाढीची दोन ब्लेडं समोरासमोर चिकटवा, त्यापेक्षा सरस काम होतं.

आता तो कागद सेन्सरच्या लाल अर्ध्यावर चिकटवायचा बेत होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, नको. मध्ये कागद आला की तेवढ्या भागाचा फोकस सरकणार. त्यापेक्षा दोन स्कॅन घेतो, एक कागदासह, एक कागदाविना, आणि ६००च्या आसपास जोडतो. पांढरा संदर्भ टेफ्लॉन टेपचे थर हाच, पण तोही दोनदा घ्यावा लागेल. फिटमध्ये ८११ऐवजी ७६३ धरणार, तीही दिवा थंड असताना.

आज सकाळी नव्या फिटवर उन्हाचा स्पेक्ट्रम टाकला. ऑक्सिजनचा खड्डा ७६०च्या किंचित पुढे, हायड्रोजनची ६५६.२८ बरोब्बर. पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

स्माइल, म्हणजे रेघांचा बाक, अजून कडेला दोन पिक्सेल आहे. ओळीगणिक वेगळा फिट करून बघतो. दुकानात आता एलईडीशिवाय काही मिळत नाही, तेव्हा कोणाकडे जुनी सीएफएल पडून असेल तर फेकू नका, मला कळवा.