टेकडीवर रोप लावताना आधी वर बघा

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोपं लावायला येणारे सगळेजण खड्डा, खत, पाणी याबद्दल बोलतात, पण वरचं आभाळ किती उघडं आहे हे फार कमी लोक बघतात आणि माझ्या मते अर्धा निकाल तिथेच लागतो. आपल्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प, भरपूर लावलेलं आहे, पावसाळ्यात त्याच्या फांद्या एकमेकांत गुंतल्या की खाली नुसता अंधार. खूप दाट जंगलात तर जमिनीपर्यंत जेमतेम १-२ टक्के ऊन पोचतं, मग पळस किंवा सावरीचं रोप तिथे जगलं तरी बारीक राहतं, जाडी धरतच नाही. जांभूळ लहानपणी सावली बऱ्यापैकी सोसतं, पण उंच व्हायला त्यालाही उजेड लागतोच.

म्हणून एखादं झाड पडलं की जी मोकळी जागा होते ना, ती सोन्यासारखी! नुसता उजेड नाही, पडलेल्या झाडाची मुळं पाणी ओढायची थांबतात, तेही रोपाला मिळतं. पण फार मोठी जागाही नको हं, मे महिन्यात पुण्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, माती तापते, आणि पावसाळ्यात घाणेरी नि रानमोडी इतक्या जोरात वाढतात की रोप दिसेनासं होतं, मग पहिली दोन-तीन वर्षं हे तण काढत राहायचं. आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो त्यामुळे मोकळ्या जागेच्या उत्तरेकडच्या बाजूला ऊन जास्त, पळस-सावर तिकडे लावा, जांभूळ दक्षिणेच्या कडेला.