घोसाळ्याची झाडं आणि सोड्याचा बर्फ

६ डिसेंबर, बेथलेहेम, पेनसिल्व्हेनिया

सकाळी फडताळातून खाण्याच्या सोड्याचा डबा काढला तर नवऱ्याने आशेने विचारलं, "ढोकळा?" म्हटलं, "बर्फ." बिचारा चहा घेऊन निमूट बाहेर गेला.

जेवणाचं टेबल आता २६ तारखेपर्यंत नाताळच्या इवल्याशा पुठ्ठ्याच्या गावाच्या ताब्यात. नऊ घरं, एक चर्च, एक दुकान. त्यातलं खरोखर जुनं घर एकच. गेल्या वर्षी जुन्या बाजारात १४ डॉलरला मिळालं, तळाशी 'मेड इन जपान' असा शिक्का. १९२० च्या दशकाअखेरीपासून महायुद्ध सुरू होईपर्यंत जपानहून अशी पुठ्ठ्याची घरं अमेरिकेत ढिगाने यायची आणि पाच-दहा सेंटच्या दुकानांत विकली जायची. भिंतींवर रंग, छपरावर चमकी, खिडक्यांना लाल-पिवळा जिलेटिन पेपर, आणि पाठीमागे एक गोल भोक. त्यात नाताळच्या माळेतला बल्ब खुपसला की घरात कुणीतरी राहायला आल्यासारखं वाटतं.

घरी आणल्याआणल्या मी शहाणपणा केला. धूळ दिसली म्हणून ओल्या फडक्याने छप्पर पुसलं. धुळीबरोबर ऐंशी-नव्वद वर्षांची चमकीही फडक्यावर आली. आता ते घर नेहमी मागच्या रांगेत, डोकं झाडाआड. बाकीची घरं मी त्याच्या मापावरून कापली, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून. घडी पडायची तिथे सुरीची बोथट बाजू ओढायची, नाहीतर कोपरा फाटतो. जिलेटिनच्या मागे ट्रेसिंग पेपर लावायचा, नाहीतर खिडकीतून उजेडाऐवजी एलईडीचा ठिपका दिसतो. ही अक्कल तिसऱ्या घरानंतर आली.

झाडं मात्र जुन्या रीतीची हवी होती. त्या काळच्या खेळण्यांतली झाडं आणि कुंपणं पुष्कळदा हिरव्या रंगात बुडवलेल्या लूफाची असत. लूफा म्हणजे काय हे मला पाकीट फोडल्यावर कळलं. अहो, घोसाळं! परसात वेलावरच वाळवलेलं, आंघोळीला पाठ घासायचं घोसाळं. पैसे मोजून आणलं आणि कात्रीने कापताना तोच खरखरीत आवाज आला.

ज्या गावात राहते तिथेच हा छंद लागणं तसं स्वाभाविकच. १७४१ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी या वस्तीला बेथलेहेम नाव दिलं. झाडाखाली किंवा टेबलावर येशूजन्माचा देखावा मांडायच्या त्यांच्या रीतीला 'पुट्झ' म्हणतात. 'पुट्झेन' म्हणजे जर्मनमध्ये सजवणं. रानातून शेवाळ, दगड, ओंडके आणून डोंगर उभे करायचे. संग्राहक आज त्या जपानी घरांनाही 'पुट्झ हाउस'च म्हणतात. पहिल्यांदा चर्चमधला पुट्झ बघायला गेले तेव्हा माझी नजर देवदूतांवर गेलीच नाही, शेवाळावर गेली. मनात आलं, अळीव पेरले असते तर चार दिवसांत उगवले असते. दिवाळीच्या किल्ल्याची सवय, दुसरं काय! आणि मापाचा गोंधळही तोच. आमच्या किल्ल्यावर वाघ महादरवाज्यापेक्षा उंच असायचा. इथे जुन्या मांडणीत सेल्युलॉइडचं हरीण अख्ख्या घराला खेटून उभं असतं. कुणाची तक्रार नसते. तक्रार कॅमेरा करतो.

१२ डिसेंबर

चार दिवस फोटो काढतेय. एकही धड नाही.

सोड्याआधी मिठाचा बर्फ करून पाहिला होता, तो डोळ्यांना छान दिसत होता. फोटोत गारा पडल्यासारखा दिसला. दाणा दाराच्या कडीएवढा! म्हणून सोडा, गाळणीतून. मग आरशाच्या तळ्यावर शिशाची स्केट करणारी बाई ठेवली. दोन इंचांची. तिच्यामागच्या घराचं दार पाऊण इंचाचं. बाईंना घरात शिरायचं तर छप्परच उचलावं लागेल.

उपाय मायकल पॉल स्मिथ या छायाचित्रकाराकडून उचलला. त्यांनी 'एल्गिन पार्क' नावाचं काल्पनिक गाव उभं केलं. १:२४ मापाच्या, म्हणजे खरीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या मोटारी टेबलावर मांडून ते टेबल खऱ्या रस्त्याकडेला न्यायचे, मागे खरी झाडं, खऱ्या इमारती. त्यांचं लहान पुढे, मोठं मागे; माझ्याकडे उलट, मोठी बाई पुढे, लहान घरं मागे. अंतर किती हे भिंगाला कळू द्यायचं नाही. पण त्यासाठी पुढचं-मागचं सारंच रेखीव दिसायला हवं. माझ्या मोठ्या कॅमेऱ्यावर एफ १६ ठेवलं, म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक केलं, तिपाई लावली, तरी बाई स्पष्ट तर चर्च धूसर. धूसर झालं की खेळणं ते खेळणंच दिसतं.

१३ डिसेंबर

लेकीने तिचा जुना फोन उलटा केला, भिंग खाली, आणि थेट सोड्यात टेकवून उभा धरला. भिंग तळ्याच्या काठाला, बाईच्या गुडघ्याशी. फोनचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, इवलासा, त्यामुळे चर्चच्या कळसापर्यंत सगळं स्पष्ट. माझा महागडा कॅमेरा शेजारी तिपाईवर बसून बघत होता.

वेळही साधली. इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मग जेमतेम दहा-बारा मिनिटं खिडकीतून निळा उजेड आणि घरांतला पिवळा उजेड बरोबरीचे असतात. त्यानंतर नुसतीच घरं चमकतात, गाव अंधारात जातं. तेवढ्यात तिने सात फोटो काढले. पाचव्यात मागच्या रांगेतलं ते टकलं जपानी घर झाडांआडून नुसत्या खिडकीपुरतं दिसतंय.

फोनमधला सोडा अजून निघतोय.

पाचवा फोटो सांगलीला पाठवला. काहीच लिहिलं नाही. इथे झोपायची वेळ झाली तेव्हा तिकडे आई उठलेली असते. तिने फोटो मोठा करकरून पाहिला असणार, कारण तिचा फोन आला तो थेट झाडांवर.

"ही घोसाळी ना गं? बी ठेवलंस का?"