गळालेली चार पानं

दुसऱ्या अंकात वडिलांचं काम करणाऱ्या काकांनी संहितेच्या चार पानांवरून उडी मारली तेव्हा मी, म्हणजे नाटकाची लेखिका, लाइटच्या बोर्डाशेजारी उभी होते. "कुलूप नीट लागलंय का बघ" हे वाक्य आमच्या नाटकात वडिलांच्या तोंडी दोनदा येतं. पहिल्यांदा येतं तेव्हा धाकटी मुलगी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसते आणि वाडा बिल्डरला द्यायच्या कागदांवर आपण सही केली आहे, हे सांगायला लागते. दुसऱ्यांदा येतं तेव्हा सगळं सांगून झालेलं असतं आणि थोरली आत येते. त्या दिवशी काका पहिलं कुलूप बोलले आणि थेट दुसऱ्याच्या पुढचं बोलू लागले. रुळाचा सांधा बदलावा तशी गाडी अलगद भलत्या मार्गाला लागली. चेहऱ्यावर गोंधळाचा मागमूस नाही. ब्लँक गेलेल्या नटाला सावरता येतं, कारण तो मदतीची वाट बघत असतो. आपण बरोबरच आहोत अशा खात्रीने चुकलेल्या नटाला कुणी आणि कसं थांबवायचं?

बाहेरच्यांना वाटतं, चार पानं गेली म्हणजे चार पानांचे संवाद गेले. पण त्या पानांच्या आडोशाने पुष्कळ कामं चाललेली असतात. थोरली तेवढ्या वेळात विंगेत साडी बदलते. पाऊस हळूहळू वर येतो. प्रकाशाच्या सात क्यूंमध्ये, म्हणजे आधी ठरवलेल्या सात बदलांमध्ये, संध्याकाळची रात्र होते. हे सगळं एका वाक्यासरशी उघड्यावर पडलं.

आमच्या लाइटवाल्या मुलाचं मला फार कौतुक आहे. त्याने काही न बोलता 'गो' बटणावरचं बोट उचललं, सात क्यू पुढे गेला आणि शेवटचा क्यू बटणाने न देता फेडरवर, म्हणजे प्रकाश कमीजास्त करायच्या सरकत्या दांडीवर, हाताने खेचत नेला. बोट इतकं सावकाश सरकत होतं की मी शेजारी उभी असून मला संध्याकाळ कधी विझली ते कळलं नाही. तो तालमींना येऊन बसतो, नाटक त्याला ऐकून पाठ आहे. साउंडवाला लॅपटॉपवरच्या यादीत अडकला आणि पाऊस आलाच नाही. यादी बघून नाटक वाजवता येत नाही, हे मी सांगून थकले आहे. थोरली निऱ्या एका हातात धरून, पदर कसाबसा खोचून आत आली, आणि घरून धावत आल्यासारखी दिसली.

पण खरा प्रसंग धाकटीवर होता. तिचं हे पहिलं मोठं काम. तिच्या भूमिकेत म्हणावं असं जे काही आहे ते त्या चार पानांत आहे. "बाबा, थांबा, मला सांगायचंय" म्हणून ती काकांना मागे ओढू शकली असती. तिने तसं केलं असतं तर कुलूप पुन्हा आलं असतं, थोरलीची एंट्री दोनदा झाली असती आणि काका खरोखर हरवले असते. हा सगळा हिशेब तिने एका पॉझमध्ये केला आणि आपली पानं सोडून दिली. पुढे काका म्हणाले, "मी जिवंत असेपर्यंत सही कोण करतंय बघतो." तिने मान वर न करता उत्तर दिलं, "मी केली, बाबा. परवाच."

हे वाक्य संहितेत नाही. प्रेक्षकांतून एका बाईंचा "अगं बाई!" स्पष्ट ऐकू आला.

प्रयोगानंतर लोक आत भेटायला आले. काही गाळलं गेलं आहे, हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. "नाटक आटोपशीर आहे" ही शाबासकी मात्र अनेकांनी दिली. प्रेक्षकांच्या या कौतुकाचा मला मनापासून राग येतो. नाटक लवकर संपलं हा त्याचा गुण कसा होतो?

दिग्दर्शक खूश होता. त्याचं म्हणणं, ती चार पानं आता कायमची काढायची. संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालायची, पाच अंकांचे तीन झाले, तिनाचे दोन झाले, कुणाचं काय बिघडलं? मी म्हटलं, नाही बिघडलं, कारण ती काटछाट कुणीतरी बसून, विचार करून केली होती. माझ्या ओळखीतला हा सगळ्यात तयारीचा दिग्दर्शक आहे, पण परिणाम दिसला की तो कुणाच्या पदरचा आहे हे त्याला दिसत नाही.

त्याच आठवड्यात मी संवाद लिहिलेल्या एका स्वतंत्र चित्रपटाच्या एडिटला जाऊन बसले होते. तिथे तीन मिनिटांचा एक प्रसंग माझ्यासमोर गेला. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 4320 फ्रेम, एका फटक्यात. त्यात काम केलेल्या नटाला हे अजून माहीत नाही. पण त्याच्या पुढचा प्रसंग त्याच रात्री शूट झाला होता आणि त्यात त्याचे डोळे रडून सुजलेले आहेत. रडणं कापलं गेलं, डोळे राहिले. एडिटर म्हणाली, "तेवढं पुरतं." आणि खरंच पुरत होतं. पिक्चर लॉक झालं, म्हणजे एडिट पक्कं ठरलं, की ते डोळे कायमचे तसेच राहणार.

नाटकात लॉक नसतो. आम्ही तालमीत पानं गाळून तोच प्रवेश पुन्हा केला. काका व्यवस्थित उडी मारून गेले, पाऊस वेळेवर आला, थोरलीची साडी नीट होती. "मी केली, बाबा. परवाच" हे वाक्य सपशेल पडलं. दिग्दर्शक म्हणाला, सवयीने येईल. धाकटी त्याला म्हणाली, "दादा, त्या दिवशी ती चार पानं माझ्या घशाशी आलेली होती. आता पोटातच नाहीत, तर वाक्य कुठून आणू?"

त्याला उत्तर सुचलं नाही. मलाही अजून पुरतं सुचलेलं नाही. पानं ठेवली तर ते वाक्य येणार नाही. काढली तर ते वाक्य पडणार. सध्या एक तोडगा चालू आहे: प्रयोगाआधी मेकअप रूममध्ये काका आणि धाकटी ती पानं पूर्ण ताकदीने करतात आणि मग स्टेजवर ती गाळतात. काकांचं वय बघता ही दुप्पट दमछाक किती दिवस मागायची, हा प्रश्न आहेच.

दरम्यान राज्य नाट्य स्पर्धेसाठी एका हौशी संस्थेने संहिता मागितली. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडून, मंजूर झालेल्या प्रतीत चारही पानं आहेत आणि मी तीच पाठवली. सोबत पत्रात "मी केली, बाबा. परवाच" हे वाक्य आणि ते कुठे येतं तेही लिहिलं. तालमी पूर्ण पानांच्या करा, प्रयोगात ती ठेवायची की नाही ते तुमच्या धाकटीला विचारा, असंही लिहिलं. लेखकाने असा निर्णय नटीवर सोडणं दिग्दर्शकाला मुळीच पटलेलं नाही. पुढच्या तालमीला त्यावरून आमचं वाजणार आहे.